दोन बोटांची जागा

माझ्या उजव्या डोळ्याच्या मधोमध एक डाग बसला आहे. पहिल्यांदा दिसला तेव्हा मला वाटलं, लेन्सवर काहीतरी चिकटलं. लेन्स पुसली. मग सेन्सर पुसला, मग कॅमेऱ्याचा पडदा, मग चष्मा. महिनाभर मी एकेक वस्तू पुसत होतो आणि डाग जिथल्या तिथे. बायको म्हणाली, "सगळं पुसून झालं, आता डोळा तपासून घ्या." मी तिच्यावर खेकसलो. खेकसणं मला लवकर जमतं. डोळा तपासायला मात्र सहा महिने लावले, आणि तोवर डाव्या डोळ्यातही तसलाच एक येऊन बसला होता.

नागपूरच्या डॉक्टरनं डोळ्यात थेंब टाकले, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, आणि सांगितलं की आतल्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. औषध नाही. वाढत जाणार. कडेचं दिसणं राहील, मधलं जाईल. मी विचारलं, किती दिवसांत. म्हणाले, ते सांगता येत नाही, वर्षही लागेल, तीनही लागतील. मग त्यांनी विचारलं, काम काय करता. मी म्हटलं, लग्नांचे व्हिडिओ काढतो, फोकस हातानं धरतो. त्यावर ते चिठ्ठी लिहीत बसले. परत येताना गोंदियाला गाडी बदलली तेव्हा फलाटावरचं नाव मला वाचता आलं नाही. अक्षरांच्या मधोमध डाग होता आणि दोन्ही बाजूंना थोडं थोडं गोंदिया उरलं होतं.

त्याच महिन्यात मुलीचं लग्न जुळलं.

पुढचं सांगायच्या आधी माझा धंदा सांगायला हवा, नाहीतर मी का असा वागलो ते कळणार नाही. बालाघाटात मी खूप वर्षं लग्नं काढली. आधी खांद्यावरचा मोठा कॅमेरा होता, त्याच्या डोक्यावर दिवा. तो दिवा लागला की नवरीच्या तोंडावरची पावडर वाहायची. त्या कॅमेऱ्यात सगळंच साफ दिसायचं. नवरी, नवरीमागची काकू, काकूमागचा कूलर, कूलरमागचा वायरींचा गुंता. सगळे सारख्याच मानाचे. पाहणाऱ्यानं नवरी शोधून काढायची.

मग फोटोच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ यायला लागला. मी उशिरा घेतला, पण घेतला तो मोठ्या सेन्सरचा, जुन्या रोलच्या चौकटीएवढा. रोलच्या जमान्यातल्या माझ्या दोन लेन्सा कपाटात पडून होत्या, एक पन्नास मिलिमीटरची आणि एक पंच्याऐंशीची. लोखंडासारख्या जड, फोकसची रिंग तुपात फिरवल्यासारखी गुळगुळीत. मध्ये एक कडं लावलं की त्या नव्या कॅमेऱ्यावर बसायच्या. पंच्याऐंशीची बसवली, तिचं तोंड पूर्ण उघडलं आणि ओसरीत वाटाणे सोलत बसलेल्या माझ्या पोट्टीकडे फिरवली. ती तेव्हा शाळेत होती. मागची भिंत, दोरीवरचे कपडे, सायकल, सगळं विरघळून गेलं आणि नुसती ती राहिली. मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "बाप्पा, हे तं पिच्चर होऊन गेलं."

पुढे सगळा जिल्हा तेच म्हणाला. लामत्यापासून लांजीपर्यंत लोक सांगायला लागले, आम्हाले तुमचं ते पिच्चरसारखं पाह्यजे. मी भल्ला फुगलो. पण त्या पिच्चरची एक अट असते. लेन्स पूर्ण उघडी असली की जवळून साफ दिसणारी जागा फार पातळ होते. माझ्या पंच्याऐंशीच्या लेन्सला पाचेक हातांवर जेमतेम दोन बोटांची जागा मिळते. त्या दोन बोटांत नवरीचा डोळा बसला तर सोनं. नवरी जरा पुढे झुकली की डोळा गेला, कान आला. तिच्याबरोबर रिंग फिरवत राहावं लागतं, श्वास धरून. नव्या लेन्सा ते आपोआप करतात. माझ्या लेन्सा करत नाहीत, आणि मला करवून घ्यायचंही नव्हतं. माझं सगळं नाव त्या दोन बोटांवर होतं.

आता त्या दोन बोटांच्या बरोबर वर डाग.

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, लग्नाला दुसरा व्हिडिओवाला सांगू. धाकटा भाऊ आला, चहा प्यायला, आणि हळूच म्हणाला, "दादा, तुम्ही पोरीचे बाप. तुम्ही मांडवात बसा. काढणारे गंज आहेत, पायलीचे पन्नास." मी म्हणालो, मी आंधळा झालो काय. बायको कप उचलून आत गेली. तेव्हा मला कळलं की हे घरात माझ्या मागं बोलून झालेलं आहे.

मला काय हवं होतं ते मी कोणालाच नीट सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रडलो असतो. डॉक्टर म्हणाले होते, कडेचं राहील. मोठ्या टीव्हीवर एकच चेहरा भरून असला, मागं काही नसलं, तर तो मला अजून कित्येक वर्षं दिसेल, कडेकडेनं का होईना. गर्दीतला चेहरा मला आत्ताच सापडत नव्हता. चार माणसं शेजारी उभी राहिली की माझ्यासाठी ती एकच गोधडी होते. पण त्या लेन्सनं काढलेलं माणूस गर्दीतून वेगळं होऊन समोर येतं. माझी एकच पोरगी. ती लांजीकडे जाणार, आणि ती जाईपर्यंत माझे डोळेही जायला निघालेले. तिचा एक चेहरा मला साठवून ठेवायचा होता, नवरीच्या वेषातला, मोठा, साफ, मी स्वतः काढलेला. एवढंच होतं. दुसऱ्याच्या हातून मला तो नको होता.

म्हणून मी वेड्यासारखी तयारी केली. सुतळी घेतली आणि तिला गाठी मारल्या. पाच हातांवर एक, सहावर एक, आठवर एक. सुतळीचं एक टोक लेन्सला बांधायचं, दुसरं पोरीनं दोन भुवयांच्या मध्ये धरायचं. ज्या गाठीवर ती उभी, तिथं रिंग कुठं थांबते ते पाहून मी रिंगवर बायकोच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले, आणि ठिपका वाळला की बोटानं चाचपून पाठ केला. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी ती दहा मिनिटं अंगणात सुतळी भुवयांशी धरून उभी राहायची. कधी कंटाळली नाही. एकदा म्हणाली, "बाबा, असं काहून करता? फोन उभा करून देऊ ना." मी म्हणालो, "फोनात सगळं गाव येते. मले तू पाह्यजे." त्यावर तिनं सुतळी पुन्हा भुवयांशी धरली.

कॅमेऱ्यात एक सोय असते. जे साफ आहे त्याच्या कडेनं पडद्यावर लाल रेघा येतात. पूर्वी मी त्या बंद ठेवायचो, शिकाऊ माणसाचं काम म्हणून. आता तोच माझा आधार. चेहरा दिसला नाही तरी लाल दिसायचं. लाल आलं की समजायचं फोकस बसला.

मग उजेडाचा प्रश्न. आमच्याकडे लग्न लागतं संध्याकाळी, आणि संध्याकाळी मला काहीच दिसत नाही. मी व्याह्यांच्या घरी गेलो आणि हात जोडून दिवसाचा मुहूर्त मागून घेतला. कारण खोटं सांगितलं, म्हटलं आमच्या घरची रीत आहे. मांडवाला लाल-पिवळं कापड लावतात, त्याचा रंग तोंडावर उतरतो, म्हणून मी पांढरं मागितलं. मांडववाला म्हणाला, लग्नाला पांढरा मांडव कोण टाकते. बायको तर पायच आपटायला लागली. शेवटी दुधी रंगावर मिटलं. आणि पोरीला मी एकच ताकीद दिली, जी मी आजवर प्रत्येक नवरीला दिली. कॅमेऱ्याकडे पाहायचं नाही. कॅमेरा नाहीच असं समजायचं. नवरीनं कॅमेऱ्यात पाहिलं की पिच्चर मोडतो, ती फोटो काढायला उभी राहिलेली बाई होते. ती म्हणाली, "हौ."

लग्नाच्या दिवशी ऊन चांगलं होतं. मांडवाच्या दुधी कापडातून असा मऊ उजेड उतरला होता की मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. तिला पिवळ्या साडीत बाहेर आणलं. कपाळाला मोत्यांच्या मुंडावळ्या, दोन्ही बाजूंनी गालांवर लोंबणाऱ्या. मी पंच्याऐंशीची लावली, पूर्ण उघडली, पुढं काळसर काच लावली कारण ऊन फार होतं, आणि पाच हातांच्या गाठीवर बसलो. रिंग ठिपक्यावर आणली, मग पडद्यावर लाल येईपर्यंत केसभर इकडंतिकडं केली. लाल आलं. भरभरून आलं, कधी आलं नव्हतं एवढं. मी मनात म्हणालो, बसला रे बाबा, बसला.

त्यानंतर मी तीन तास तिला सोडलं नाही. अंतरपाट धरला तेव्हा मी तिच्या उजव्या अंगाला होतो. अक्षतांचे पिवळे तांदूळ तिच्यावर पडत होते तेव्हा मी डाव्या अंगाला. ती भटजीकडे पाहायची, नवरदेवाकडे पाहायची, खाली पाहायची, आणि लाल रेघा माझ्याबरोबर असायच्या. एकदाही तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, काय पोट्टी आहे, शंभर नवऱ्या काढल्या पण अशी एक नाही.

मग भटजींनी वधूपित्याला हाक मारली. मी बसायचं नाही, भावानं बसायचं, हे मीच आधी ठरवलं होतं. मी भावाकडे बोट केलं. तो जागचा हलला नाही. "दादा," तो म्हणाला, "पाणी मी सोडू काय? बाप तुम्ही." मी डोळा कॅमेऱ्यावरच ठेवून म्हणालो, बस लवकर, उजेड जाऊन राह्यला. तो बसला. कन्यादानाला जोडीनं बसावं लागतं, म्हणून त्याच्याबरोबर त्याची बायको बसली. पोरीचे पाय परातीत धुतले ते तिच्या काकानं आणि काकूनं. माझी बायको मांडवाच्या खांबाशी उभी होती. मी बसलो नाही म्हणजे तिलाही बसता आलं नाही, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नाही. तेव्हा मी परातीतल्या पाण्यावरून तिच्या चेहऱ्यावर रिंग कशी न्यायची ते पाहत होतो.

पाठवणीच्या वेळी मी तिच्या पुढं उलटा चालत होतो. ती आईच्या गळ्यात पडली, काकाच्या पडली, शेजारणीच्या पडली. मी पाच हातांवर. मग ती गाडीत बसली, मान खाली घालून. मी गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत काढलं आणि मग बटण बंद केलं. लोक म्हणाले, बाप कसा घट्ट आहे पाहा.

पंधरा दिवसांनी ती आणि जवाई आले. मी पिच्चर तयार करून ठेवला होता. तुकडे जोडताना मी बायकोला शेजारी बसवायचो आणि विचारायचो, बरं दिसते काय. ती म्हणायची, बरं दिसते. मी विचारायचो, साफ आहे काय. ती म्हणायची, साफ आहे. दुपारी जेवणं झाल्यावर पुढच्या खोलीचे पडदे ओढले, टीव्ही लावला. भाऊ आला, त्याची बायको आली. मी टीव्हीपासून दोन हातांवर बसलो.

पिच्चर सुरू झाला. खोलीत कोणी काही बोलेना. मला वाटलं, भारावले. माझ्या समोर पिवळा रंग होता, दुधी उजेड होता, मध्ये डाग होता, आणि डागाच्या बाजूनं चमचम होती. मी त्या चमचमीवरच खूश होतो. मग भावाला वाटलं, काहीतरी बोललं पाहिजे. तो अगदी मनापासून म्हणाला, "दादा, मोती भल्ले चमकून राह्यले. एक एक मोजून घ्यावा."

मी त्याला दोनदा विचारलं, मोती साफ आहेत? तो म्हणाला, "तं काय. भोकातला धागा दिसून राह्यला." बायकोनं त्याच्या बायकोकडे पाहिलं असावं, कारण ती लगेच पाणी आणायला उठली. मी टीव्ही थांबवला आणि पोरीला म्हणालो, इकडे ये, माझ्याजवळ बस, आणि खरं सांग. डोळे साफ आहेत का तुझे?

ती जवळ येऊन बसली. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "डोळे थोडे नरम आहेत, बाबा. पण छान वाटते."

मी कॉम्प्युटर टीव्हीला जोडला आणि मूळ चित्रण उघडलं, सगळंच्या सगळं. एक एक तुकडा लावायचा आणि तिला विचारायचं. इथं काय साफ आहे? "मोती." इथं? "मोती." इथं? "मोती, बाबा." अक्षता पडतात तिथं? "तांदूळ. अन् मोती." इथं? "कान." परातीतल्या पाण्यापासून पुढं? "काकूच्या बांगड्या." जवाई उठून बाहेर गेला. मी थांबलो नाही. तीन तासांचं चित्रण, एकशे कितीतरी तुकडे, आणि माझी पोरगी कोर्टात उभं केल्यासारखी उत्तरं देत होती. शेवटी शेवटी ती रडत होती आणि तरी सांगत होती. मोती. मोती. पदर. मोती.

लाल रेघा मोत्यांवर आल्या होत्या. मोत्याला चकाकी असते, कड असते, कॅमेऱ्याला ते सगळ्यात आधी सापडतं. बाजूनं काढताना मुंडावळी डोळ्याच्या दोन बोटं अलीकडे, कॅमेऱ्याच्या बाजूला लोंबत होती, आणि माझ्याकडे जागा तेवढीच होती. सुतळी मी भुवयांपासून मोजली होती. पण अंगणात तिच्या कपाळाला मुंडावळ्या नव्हत्या. कुठल्याही डोळसाला हे पहिल्या मिनिटात दिसलं असतं. आजवर मलाही दिसायचं, म्हणून मी मुंडावळ्यांचा कधी विचारच केला नव्हता. नुसत्या डोळ्यानं डोळा पकडायचो आणि पुढं जायचो.

मग मला एक सुचलं आणि मी तिच्यावर ओरडलोच. म्हणालो, तू एकदा तरी माझ्याकडे पाहिलं असशील. समोर पाहिलं की मुंडावळ्या कानांशी जातात, मध्ये नुसते डोळे राहतात. तो एक तुकडा सापडला तरी बस. कुठं आहे तो? कुठं पाहिलंस तू माझ्याकडे?

"तुम्हीच तं म्हणालते, बाबा," ती म्हणाली. "कॅमेऱ्याकडं पाहू नको म्हणून."

"जाताना? गाडीत बसताना?"

"मले येऊन तुमच्या गळ्यात पडायचं होतं. पण तुम्ही काढून राह्यलते."

मी बायकोवर उलटलो. दुसरं कोण सापडणार. म्हणालो, तुले तं दिसत होतं ना, पंधरा दिवस माझ्याजवळ बसून होती, काहून नाही सांगितलं? मी आंधळा, तू तं नाही. ती तीस वर्षांत माझ्यासमोर आवाज चढवून बोलली नव्हती, त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाली, "काय सांगणार होती मी? माझ्या पोरीचे पाय मी नाही धुतले. तुमच्या एका फोटोसाठी नाही धुतले. मी म्हटलं, निदान फोटो तं बरा आला असं समजू द्या यांना." आणि ती आत गेली. खोलीत मी, पोरगी आणि टीव्हीवर थांबलेले मोती राहिलो.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते लिहिण्यासारखं काही नाही. लग्नं आली, मी घेतली नाहीत. कॅमेरा कपाटात गेला. दिवसभर बाजेवर पडून राहायचो आणि तोंड भिंतीकडे करायचो, कारण भिंतीवर डाग असला काय, नसला काय. भावानं पाहुण्यांच्या फोनमधून दोनशे फोटो गोळा करून आणले, टीव्हीवर लावून दिले. सगळे साफ होते, सगळ्यांत सगळं साफ. मी टीव्हीला नाक लावून बसलो आणि मला त्यात माझी पोरगी सापडली नाही. पिवळं दिसलं की विचारायचो, ही का? भाऊ म्हणायचा, नाही दादा, ती मावशी. दोन-चार वेळा असं झालं आणि मी टीव्ही बंद करायला सांगितला. मग रागानं एकदा ते चित्रणही पुसून टाकायला बसलो. कोणतं बटण ते दिसलं नाही. बायकोला विचारायची लाज वाटली, म्हणून ते अजून आहे.

हिवाळ्यापर्यंत डाग एवढा वाढला की समोर धरलेली स्वतःची मूठ त्यात जायची. भाऊ मला पुन्हा नागपूरला घेऊन गेला. तिथं एका बाईकडे बसवलं, ती नजर गेलेल्यांना उरलेली नजर वापरायला शिकवते. ती म्हणाली, काका, जे पाहायचं त्याच्याकडे पाहू नका. त्याच्या बाजूला पाहा. मी म्हणालो, बाई, हे कोणतं पाहणं. ती शांतपणे म्हणाली, तुमच्या डोळ्याचा एक कोपरा अजून चांगला आहे, वस्तू त्या कोपऱ्यात आणायची. माझा कोपरा असा निघाला की वस्तूच्या थोडं वर आणि उजवीकडे नजर ठेवली की ती वस्तू खाली डावीकडे हळूच दिसायला लागते. फोकस नसतो तिला. पण असते. घरी येऊन मी हे कोणाला सांगितलं नाही. काय सांगायचं, की मी आता सगळ्यांकडे वाकडं पाहणार?

पुढच्याच आठवड्यात पोरगी आली, एकटीच. सकाळी मी अंगणात उन्हात बाजेवर बसलो होतो. तिनं आतून स्टूल आणलं आणि माझ्या अगदी समोर मांडून बसली. तिच्या गुडघ्याला माझा गुडघा लागत होता.

"बाबा," ती म्हणाली, "आज कॅमेरा नाही. मी तुमच्याकडंच पाहून राह्यली. तुम्हीबी पाहून घ्या, किती वेळ पाह्यजे तेवढा."

मी सरळ तिच्याकडे पाहिलं. साडीचा काठ दिसला, मांडीवरचे हात दिसले, केसांची कड दिसली. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं. मग मी नजर उचलली, थोडी वर, थोडी उजवीकडे, तिच्या खांद्यावरून शेजारच्या घराच्या पत्र्यावर नेऊन ठेवली, आणि तिथंच रोखून धरली. आणि खाली, कोपऱ्यात, ती आली. नाक, कपाळ, आणि दोन डोळे, माझ्याकडे लागलेले. साफ नव्हते, पण तिचे होते. मी पापणी लववली नाही. पाणी यायला लागलं तरी नाही.

मग ती म्हणाली, "बाबा, तिकडं काय पाहून राह्यले? मी इकडं आहो."

"तुलेच पाहून राह्यलो," मी म्हणालो.

पण तोवर ती मागं वळली होती, पत्र्यावर काय आहे ते पाहायला.